पंख्याचं नुसतं नाव बदललं!

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पुढचं आठवलं की माझ्या मानेवर अजून काटा येतो!

कांद्याच्या गोदामातले पंखे चालवणारं यंत्र आम्ही नाशकात बनवतो. पंख्याला हुकूम देणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, आमची सुषमा लिहिते. तो तपासतो मी. तपासणं म्हणजे काय? इथे जागा सोड, तिथे कंस खाली घे, हे नाव बदल! ऑफिसात माझी दहशतच होती म्हणा ना.

तिच्या कोडमध्ये 'फॅन ऑफ' नावाची एक खूण होती. तिथे एक आला की पंखा बंद, शून्य आलं की चालू.

"नकारार्थी नावं नकोत. 'फॅन ऑन' कर."

"सर, मग आतला अर्थही उलटा करावा लागेल…"

"सुषमा, मी नावाबद्दल बोलतोय. बाकी एका ओळीला हात लावायचा नाही!"

तिने नुसतं नाव बदललं. त्या देखण्या नावावर विसंबून बटणांचा प्रोग्राम मी लिहिला. टेबलावर बटण दाबलं, स्क्रीनवर 'चालू' उमटलं. खरा पंखा जोडून बघायचा? छे! एवढा सुबक कोड कधी चुकतो का?

यंत्र लासलगावच्या एका गोदामात बसलं आणि लगेच तिथल्या राखणदार बाबांचा फोन. "साहेब, बटन बंद हाय अन् पंखा फिरतोय! हमाल आत जाईनात. मालक म्हनतो, यंत्र उचला."

गेलो. भर दुपार, पण गोदामात मिट्ट काळोख. बाबा दारातच थांबले.

"तुम्ही नाही येत?"

"नाय बा. आत कायतरी हाय. लय वाईट हाय."

आत स्क्रीनवर स्वच्छ अक्षरात 'बंद'. आणि पंखा घुंऽऽ करत फिरतोय. मी 'बंद' दाबलं. पुन्हा दाबलं. घुंऽऽ! अंधारात कांद्याची सालं भिरभिरत होती. त्यातलंच एक हलकेच माझ्या मानेवर येऊन टेकलं. अगदी बोटासारखं!

"कोण आहे?" मी ओरडलो आणि धडपडत यंत्रावर आदळलो. हात 'चालू'वर पडला.

पंखा थांबला. सगळं चिडीचूप. ती शांतता तर घुंऽऽपेक्षा भयंकर! म्हणजे 'त्याला' माझं बोलणं ऐकू येत होतं?

सुषमाला फोन लावला. "सुषमा, इथे 'चालू' दाबलं की पंखा मरतो. 'बंद' केलं की जिवंत होतो!"

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, 'चालू'ला तुम्ही एक पाठवताय ना? आत एक म्हणजे अजून बंदच आहे. तुम्हीच म्हणालात, फक्त नाव बदल."

बाहेर आलो. घाम पुसत होतो.

"घावलं का भूत?" बाबांनी लांबूनच विचारलं.

"सापडलं, बाबा."

"मग हितं ठेवू नका हां! गाडीत घाला अन् घेऊन जा नाशकाला!"

मी निमूटपणे गाडीत जाऊन बसलो.