पॅक केलेले तीन पत्ते

एप्रिलची तेरा तारीख, रविवार. डोंबिवलीला जाऊन प्रमोद भावजींचं कपाट रिकामं करायचं होतं. त्यांना जाऊन महिना उलटला होता आणि सुलभाला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, एकटीने त्या कपाटाला हात लावायचा नव्हता. मी माजिवड्याहून निघतानाच रिकाम्या पिशव्या आणि मार्कर घेतला होता. द्यायचं, ठेवायचं, टाकायचं. दुपारपर्यंत शर्ट-पँटी झाल्या, स्वेटर झाले आणि अगदी खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. सुलभाने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. कडवे वाल आणि रबर लावलेला पत्त्यांचा कॅट.

महिन्यातला एक रविवार आम्ही चौघं डोंबिवलीला जेवायचो आणि जेवणानंतर तीन पत्ती खेळायचो. भावजी, सुलभा, माझा नवरा अविनाश आणि मी. आमच्याकडे पैसे लावत नाहीत, वाल लावतात. भावजींच्या खडवलीच्या जमिनीतले वाल. ती जमीनही त्यांनी न बघता घेतली होती. कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं, नदीकाठी तुकडा आहे, आणि यांनी विसार देऊन टाकला. पहिल्या पावसाळ्यात जमीन पाण्याखाली गेली. आम्ही सगळे हळहळलो. भावजी म्हणाले, "पाणी काय मुक्कामाला आलंय का? जाईल की." पाणी गेलं, मागे गाळ राहिला, आणि त्या गाळात हिवाळ्यात असे वाल आले की सोसायटीतल्या बायका आधी सांगून ठेवायला लागल्या. न बघता केलेल्या गोष्टी त्यांना अशा फळायच्या. सगळ्याच नाही. नातेवाइकाच्या सांगण्यावरून घेतलेली सेकंडहँड गाडी वर्षभर गॅरेजमध्येच होती. पण त्या गाडीची गोष्टही ते जिंकल्यासारखीच सांगायचे.

डावाचा नियम एवढाच, की जिंकलेले वाल त्याच संध्याकाळी भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि बिरड्यासाठी हरलेल्याने सोलायचे. डाळिंब्या सोलून ज्याची नखं दुखली आहेत त्याला कळेल, ही शिक्षा लहान नाही.

मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी टाचणीसुद्धा मागवत नाही. पत्तेही मी तशीच खेळायचे. उचलायचे, नीट बघायचे, बरे असतील तर पुढे जायचं, नाहीतर पॅक, म्हणजे पत्ते खाली ठेवून डाव सोडायचा. भावजी मात्र पत्ते उचलतच नसत. ब्लाइंड. तिन्ही पत्ते पालथे ठेवून वर चष्म्याचं घर ठेवायचे. ब्लाइंड खेळणाऱ्याने एक वाल टाकला की पत्ते बघितलेल्याने दोन टाकायचे, आणि वर त्याच्याकडे शो मागायचा नाही, म्हणजे पत्ते उघडून दाखव म्हणायचं नाही. तो बघेपर्यंत किंवा तुम्ही कंटाळून पॅक करेपर्यंत टाकत राहायचं. मी विचार करायला लागले की ते म्हणायचे, "काय वहिनी, कोटेशन मागवलंत का?"

सुरुवातीला मी त्यांच्यावर थापा मारून बघितल्या. हातात काही नसताना मोठी चाल करायची, चेहरा घट्ट ठेवायचा. उपयोग शून्य. थाप मारायची ती समोरच्याने घाबरावं म्हणून. जो स्वतःचेच पत्ते बघत नाही तो माझ्या चेहऱ्याला काय घाबरणार? डाळिंब्या सोलता सोलता मी शिकले, की अशा माणसापुढे एकच उपाय. चांगला हात येईपर्यंत गप्प पॅक करत राहायचं, आणि आला की त्याला थांबवायचा प्रयत्न न करता त्याला टाकू द्यायचं. त्यानंतर मी बऱ्यापैकी जिंकायला लागले. "वहिनी दबा धरून बसतात, मांजरीसारख्या," असं ते सगळ्यांना सांगायचे, कौतुकाने.

जानेवारीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करा, लांबवू नका. भावजी म्हणाले, वाल काढून झाल्यावर बघू. वाल काढून झाले, तरी ते बघेनात. सुलभा रडून झाली, अविनाश ओरडून झाला. एरवी कशातही उडी मारणारा हा माणूस रिपोर्टची फाइल उघडायलासुद्धा तयार नव्हता. घाबरले होते, दुसरं काय... पण तसं म्हणायची सोय त्यांनी स्वतःला कधी ठेवली नव्हती.

फेब्रुवारीतल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी पुन्हा विषय काढला. ते हसले आणि कॅट माझ्यापुढे सरकवला.

"वाटा. तुम्ही जिंकलात तर ऑपरेशन. मी जिंकलो तर हा विषय बंद. कायमचा."

"वेड लागलंय का तुला? हे काय पत्त्यांवर लावायचं असतं?" अविनाश म्हणाला. सुलभा उठून स्वयंपाकघरात गेली.

मी वाटले. बाकी सगळे मार्ग संपले होते.

मला गुलामाची जोडी आली. बरा हात, पण भरवशाचा नाही. भावजींनी नेहमीसारखं पत्त्यांवर चष्म्याचं घर ठेवलं आणि वाल टाकायला लागले. ते एक, मी दोन. दोघांमध्ये ढीग वाढत गेला.  आत सुलभा भांडी घासत होती, तो आवाज थांबला. मग भावजींनी चष्म्याचं घर उचललं, चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि पत्ते हातात घेतले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होते. ते बराच वेळ पत्त्यांकडे बघत राहिले. एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, पुन्हा पत्त्यांकडे.

"पॅक," ते म्हणाले. "वहिनी, तारीख घ्या."

त्यांनी आपले पत्ते पालथेच कॅटच्या तळाला घातले. मी माझे वर ठेवले. त्यांनी रबर लावलं, ढीग डब्यात भरला. ते वाल भिजत घालायचं त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "डाळिंब्या माझ्याकडे राहिल्यात." मग फुप्फुसांत संसर्ग झाला. फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका पार्टीशी दरावरून हुज्जत घालत होते. सुलभा एवढंच म्हणाली, "ताई, गेले." मी दराचं बोलणं पुरं केलं, बॅग उचलली आणि निघाले.

तेराव्याला कुणीतरी माझ्यामागे बोललं, की पत्त्यांवर माणूस घालवला.  ते बोलणं माझ्याबरोबर घरी आलं. त्यांचे पत्ते वाईट असतील, तर मी त्यांना ओढून नेलं. माझ्यापेक्षा चांगले असतील, तर ते आपल्या पायांनी गेले.

आणि एप्रिलमधल्या त्या रविवारी, कपाट आवरताना, तो डबा आमच्या दोघींच्या मध्ये होता. कॅट फेब्रुवारीतल्या डावापासून कुणी सोडलेला नव्हता.

"तळाला तेच असतील ना, ताई?" सुलभाने विचारलं.

"असतील."

"त्यांचाच नियम होता. पॅक केलेले पत्ते कुणी बघायचे नाहीत. झाकली मूठ." तिने डबा माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला बघायचे असतील तर बघा. मला मात्र सांगू नका. कसेही असले तरी मला त्रासच होणार."

मी 'ठेवायचं' लिहिलेल्या पिशवीत डबा घालून घरी आणला. माझा जन्म माल तपासून घेण्यात गेला. न बघता मी काहीच सोडत नाही. पण पॅक म्हटल्यावर शो नसतो. पत्ते बघून, चष्मा लावून, त्यांनी जे ठरवलं ते मला दाखवायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनी आयुष्यात बघून केलेली ती एक गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायच्या आधी मी रबर काढलं आणि कॅट पालथाच धरून पिसला. वरचे खाली, खालचे मध्ये, तळाचे कुठे गेले ते माझं मलाही कळणार नाही इतका पिसला. मग डब्यातले वाल निवडले, धुतले, कोमट पाण्यात भिजत घातले आणि सुलभाला फोन केला.

"बुधवारी ये. डाळिंब्या सोलायच्यात."

"हरलं कोण?" तिने विचारलं.

"ये तर खरी. दोघी मिळून सोलू."