स्मरणिकेचं पान नऊ

गावची विहीर पाटलांनी बांधून दिली, हे खोटं माझ्या हातचं आहे. वळणदार अक्षरातलं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची मास्तरीण. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली. वेणी घट्ट, अक्कल सैल. गावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका छापायची ठरली. हेडमास्तर सांगत होते, मी लिहीत होते. विहिरीपाशी पेन अडलं. ती विहीर माझ्या बापानं खणली, चुलतीनं माती वाहिली, अख्ख्या वाड्यानं सुरुंगाचे दगड उपसले. पाणी लागलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काठाच्या खाली. घागर पुढं करून उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतणार.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, पेन का थांबलं? नोकरी कायम व्हायचीय ना अजून?"

लिहिलं. वर ते म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे. तर मी लाजले. लाजले! त्या भवानीला आज भेटले तर वेणी धरून विहिरीवर नेईन.

आता सत्तरीत नाशिकला असते. नातीनं मोबाइलवर एक ज्ञानकोश दाखवला. म्हणाली, आजी, यात कुणीही लिहू शकतं. आमच्या गावाचं पान उघडलं. विहीर पाटलांचीच. मी ते खोडलं, खरं लिहिलं. चहा गाळेपर्यंत खरं गायब. पुन्हा लिहिलं. पुन्हा उडवलं. तिसऱ्यांदा मलाच ताकीद आली.

वाद मिटवायला तिथं चर्चेचं पान असतं. तिथं सगळं मांडलं. बापाचं नाव, चुलतीचं नाव, घागर. खोडणाऱ्याला ना चेहरा, ना आडनाव. त्यानं पुरावा दिला: शाळेची स्मरणिका, पान नऊ.

माझंच पान.

मी लिहिलं, ते खोटं मीच लिहिलंय, धाकानं लिहिलंय. त्याचं उत्तर आलं: "आजी, भावना पोचल्या. पण तुमचं सांगणं हा पुरावा नाही. छापील दाखवा."

मग निवाडा करणारा आला. दोन्ही बाजू वाचल्या म्हणाला. छापील ते ग्राह्य. पानाला कुलूप. शिवी नाही, आवाज नाही, सगळं नियमानं. मी खुर्चीत होते, तरी काठाखालीच. खणणारे सगळे गेले. उरली एकटी चुलती, तिचेही डोळे गेलेले. दर फोनला एकच विचारायची, लागलं का आपलं नाव मोबाइलात?

फोनवर सांगायची हिंमत नव्हती. एसटीनं गावी गेले. चुलतीच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. हेडमास्तरांचंही, जे इतकी वर्षं गिळलं होतं. मोत्याच्या अक्षराचं हसत सांगायला गेले, हसणं जमलं नाही.

तिनं माझा उजवा हात चाचपत शोधला. बोटं एकेक करून दाबली. वाटलं, आता मोडते. मोडायलाच हवी होती.

मग म्हणाली, "तवा त्यानं सांगितलं तर लगीच लिवलंस. आता मी सांगते. वही काढ. आन छापून आल्याबिगर मी मरत नाय."