जुलैमधला लिलाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीवरच्या मुलींना तर नाहीच. तुला सांगतेय, कारण — कारण काही नाही. सांगते.

पनवेलच्या कॉलेजात माझा मुख्य विषय इतिहास आणि जोडीचा, म्हणजे मायनर, इंटरनॅशनल बिझनेस. गावी बाबा इतिहास गाळून टाकायचे. पोरगी इंटरनॅशनल काहीतरी शिकते, एवढंच सांगायचे. पण मायनरच्या तासाला कोण कुठल्या विभागातून आलेलं, भेट आठवड्यातून दोनदा. कॉमर्सवाल्यांचे घोळके आधीच ठरलेले. मी मागच्या बाकावर, आणि तास संपला की कामोठ्याच्या खोलीवर जायला रिक्षा. कधी कधी दिवसभरात रिक्षावाल्याशीच काय ते बोलणं, तेही सेक्टर नंबरपुरतं. हसू नकोस, खरंच तसं होतं.

शेजारी एकच मुलगी येऊन बसायची — हर्षाली. करंजा बंदरावरची, कोळ्यांच्या घरातली. डब्यातलं अर्धं न विचारता माझ्या झाकणात वाढायची.

जुलैत प्रोजेक्ट मिळालं. परदेशी जाणाऱ्या एखाद्या मालाचा माग काढा, माणसांना भेटा, मुलाखत घ्या. हर्षाली लगेच म्हणाली, “रविवारी आमच्याकडं ये. आईला काय ते विचार. जेवल्याबिगर सोडायची नाय ती.” मी हो म्हटलं. आणि रविवारी ताप आल्याचं कळवून टाकलं. ताप कुठला! परक्या घरात काय बोलायचं, कसं जेवायचं, याचीच धास्ती. एकटं राहून राहून माणूस इतकं घाबरट होतं का? की मी आधीपासूनच तशी?

मग मोबाइलवर व्हिडिओ बघून मी एक कोळीण रचली. करंजा बंदरावरची, कोळंबीच्या लिलावात उभी — टोपल्या, बोली, बर्फ, सगळं. ती मला ‘बाय’ म्हणते, चहा पाजते, जेवून जा म्हणते. लिहिताना मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

सर नुकतेच समुद्रापासून दूरच्या गावाहून आलेले. त्यांनी माझं प्रोजेक्ट वर्गात वाचून दाखवलं. मग हर्षालीचं उचललं. तिनं लिहिलं होतं, सध्या बंदर बंद आहे, वडील जाळी दुरुस्त करतात, आई सुकी मासळी विकते. सर म्हणाले, बंदरावर राहून तुला एक लिलाव दिसला नाही? घरी बसून लिहिलंस.

ती उभी राहिली. “सर, जुलैत मासेमारीला बंदी असते. बोटी वर काढलेल्या हायत. लिलाव होतच नाय.”

कुणीतरी तिच्या ‘नाय’वर हसलं. सर माझ्याकडे वळले — तू स्वतः पाहिलंस ना?

बंदीचं मला माहीत नव्हतं. पण त्या क्षणी तर कळलं होतं ना? हर्षाली माझ्याकडे बघत होती. मी खरं सांगेन, अशी तिची खात्री होती.

“हो सर,” मी म्हटलं.

तिला प्रोजेक्ट पुन्हा लिहायला लावलं. माझं वर्षभर विभागाच्या फलकावर लागलेलं होतं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, मलाही काही विचारलं नाही. पुढच्या तासाला ती दुसऱ्या बाकावर बसली. तिथून पुढे मी डबा एकटीच खाल्ला, आणि त्याबद्दल कुरकुर करायला मला तोंड नाही.

नोकरीच्या अर्जात मी अजून त्या प्रोजेक्टचं नाव लिहिते. करंज्याला मी कधीच गेले नाही. त्या जुलैत बोटी वर काढलेल्या होत्या. हर्षाली खरं बोलत होती.