डाव्या चाकाचा पाना

आमच्या घरी बग्गीच्या चाकांचे नट आवळायचे सत्तेचाळीस जुने पाने आहेत. बग्गी एकही नाही.

हा माझ्या नवऱ्याचा छंद. इतरांचे नवरे निवृत्त झाल्यावर फिरायला जातात, माझा दर्यापूरच्या भंगारवाल्याकडे जातो. तिथून गंजकं लोखंड तान्ह्या बाळासारखं उराशी धरून आणतो, माझ्या परातीत डिझेल ओतून भिजत घालतो (परात तेव्हापासून त्यांचीच) आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची माहिती देतो. अकरा वर्षं मी ती माहिती ऐकते आहे, म्हणजे कुकरच्या शिट्या मोजते आहे.

नणंदेच्या मुलाचं लग्न अकोल्याला होतं. अमरावतीहून निघताना पाहते तर गाडीच्या डिकीत माझ्या इस्त्रीच्या साडीवर पान्यांची पिशवी!

"लग्नात हे कशाला?"

"नवरदेव बग्गीत बसून राह्यला ना. जुनी बग्गी हाय म्हणते. कोणता पाना बसते, पाहून घेतो."

नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मंडपाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत बग्गीचं डावं चाक लटलटू लागलं. बग्गीवाले रहीमभाई उतरले. "नट ढिला झाला. आन पाना घरी राह्यला."

मुहूर्ताला वीस मिनिटं. नणंद माझ्या कानाशी आली. "वयनी, पोरगं पायी गेलं तं इहीनबाई जनमभर आयकवन मले."

तोवर आमचे हे पिशवी घेऊन हजर. तिसरा पाना नटावर चपखल बसला. आता माणसानं नट आवळावा की नाही? यांनी पाना काढला, उंच धरला आणि तो कसा घडवतात हे बँडवाल्यांना सांगायला लागले. सनईवाल्यानं सनई खाली ठेवली.

"अहो, आवळा."

"आवळतो ना. पण पाहा, डाव्या चाकाचे आटे—"

"आट्यांचं मग सांगा, लग्न लागल्यावर," म्हणून मी पाना हिसकावला.

तीस वर्षं घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक स्क्रू मीच आवळते. उजवीकडे फिरवला की घट्ट, यात शिकायचं काय? पदर खोचला आणि अंगाचा भार टाकला. आधी जरा जड गेला. मग जसजशी आवळत गेले तसतसा नट हलका होत गेला. तेलपाणी चांगलं दिसतंय, असं मला वाटलं.

"अवं..." हे म्हणाले.

"गप्प बसा."

"बाई, जरा..." रहीमभाई म्हणाले.

"तुम्हीसुद्धा. चला, वाजवा."

बँड वाजला. घोडा शे-दीडशे पावलं चालला, मंडपाची कमान आली, आणि डावं चाक बग्गीला सोडून एकटंच पुढे निघालं. ओवाळायला उभ्या असलेल्या विहीणबाईंच्या पुढ्यात जाऊन आडवं झालं. मागे, डाव्या अंगाला कललेल्या बग्गीत नवरदेव रहीमभाईंच्या कमरेला मिठी मारून बसला होता. खरचटलं कोणालाच नाही. उरलेली वाट तो पायी चालला, फेटा हातात घेऊन.

"वयनी," नणंद म्हणाली, "तुमी आवळला म्हणून तं इथवर आलं."

यांनी चाक उचललं, पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "डाव्या चाकाचे आटे उलटे असते. अकरा वर्षांपासून सांगून राह्यलो."

तो पाना आता आमच्या बैठकीत भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा कोणता नट कोणत्या बाजूला फिरवायचा हे मीच समजावून सांगते, सविस्तर. ऐकताना त्यांचं लक्ष स्वयंपाकघरातल्या शिट्यांकडे असतं.