मालधक्क्यावरची फुटाणेवाली

आमचं संस्थान विलीन झालं, चाकरी गेली आणि चौथीत शाळा सोडलेला मी उतारवयात बऱ्हाणपूर स्टेशनावर केळीचे घड वाहू लागलो. मालधक्क्याजवळ एक फुटाणेवाली बसे. पदराने माशा हाकी, कुणाशी फारसं बोलत नसे.

एकदा दम लागला, घाम फुटला, डावा हात खांद्यापासून दुखू लागला. हात हलवला नाही तरी दुखणं तेवढंच. ओझ्याचंच असेल म्हणून मी तेल चोळत बसलो.

ती म्हणाली, “भाऊ, घड तर तुम्ही उजव्या खांद्यावर नेता. डाव्याले कशाले तेल चोळता? उठू नका, टांगा बोलावते.”

दवाखान्यात दुखणं काळजाचं निघालं. वाचलो.

परक्या गावात आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, असं समजून मी रोज मान खाली घालून तिच्यासमोरून जात होतो.