सोळा पानांच्या काकी

नवं पुस्तक हातात आलं की काकी आधी नाव बघायच्या नाहीत. मधोमध उघडून शिवणीचा दोरा शोधायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि पात्यानं तो दोरा सरळ कापायच्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. काकी म्हणाल्या, "भिऊ नगंस. शिवायला मी हाय की."

आमच्या गल्लीचं वाचन मंडळ त्या चालवायच्या, आणि मंडळाकडे पुस्तक असायचं एका वेळी एकच. काकी छापखान्यात बाइंडिंगला होत्या. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या शिवून बनतं आणि अशा एका जुडीला छापखान्यात फर्मा म्हणतात, हे आम्हांला त्यांच्यामुळे कळलं. काकी पुस्तक उसवायच्या आणि घरोघरी एकेक फर्मा द्यायच्या. आपला वाचून झाला की शेजारी सरकवायचा. महिनाअखेरच्या रविवारी सगळे फर्मे काकींच्या सोप्यात जमायचे, चर्चा व्हायची, आणि आम्ही तावातावानं बोलत असताना काकी पुस्तक पुन्हा शिवून टाकायच्या.

आता यात काय होईल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. कुणी गोष्ट पहिल्यापासून वाचायचं, कुणी मधूनच, आणि कुणाच्या वाट्याला पहिल्याच दिवशी शेवट यायचा. शेवट वाचलेल्यानं तोंड मिटून बसायचं, एवढा एकच नियम होता. समोरच्या रिक्षावाल्या भाऊजींनी तो मोडला. रिक्षा वळवता वळवता अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून मोकळे झाले, "त्यो मास्तर मरतोय बरं का शेवटाला." पुढच्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा भाऊजींच्या घरी गेलाच नाही. भर चर्चेत बिचारे हात जोडून म्हणाले, "काकी, सांगा की आता, ती बाई म्हायेरी गेली का न्हाय?" काकींनी सुई थांबवली नाही. "रिक्षा वळवताना सांगंल की कोणतरी."

मी शिरोळची. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा लग्न होऊन कोल्हापुरात आले. माहेरी वाचनाची चटक लागलेली, आणि सासरी सुनेच्या हातात पुस्तक म्हणजे आळसाचं लक्षण. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. स्वभावानं त्या काही वाईट नव्हत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. मग हिचंच काय अडतंय, असं त्यांना वाटायचं. एकदा भडंगाच्या पुडीचा कागद सरळ करून मी दारात वाचत होते, तेव्हा काकींनी मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराआडून एक फर्मा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सोळा पानं वाचून कुणाची भाकरी करपत न्हाय." हे वाक्य त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या.

जाड पुस्तक लपवता आलं नसतं. फर्मा मात्र उशीखाली मावायचा, पिठाच्या डब्यात मावायचा. काही महिने सुखाचे गेले. मग माझी भाकरी करपली. साधी नाही, चांगला कोळसा झाला. आत्याबाईंनी पिठाच्या डब्यात हात घालून मी घाईनं दडवलेला फर्मा ओढून काढला आणि तरातरा काकींच्या दारात गेल्या. मी मागून. मला वाटलं, संपलं आता.

"ह्ये तुमचं कागद," आत्याबाई म्हणाल्या. "परत आमच्या घरात यायला नगंत."

काकींनी फर्म्यावरचं पीठ झटकलं. "बरं. पर आक्का, ती सासू सुनंला घराभाईर काढती का न्हाय, तेवढं सांगून जावा. पुढल्या घरी निरोप द्यायचा हाय."

"मला काय ठावं? मला कुठं वाचाय येतंय?"

"मग सुनंला इचारा की."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घालून म्हटलं, "तिथवर पोचलेच नव्हते. भाकरी करपली."

आत्याबाईंनी काकींच्या हातातून फर्मा परत घेतला. घरी येऊन पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाच. बघू कशी काढती त्ये."

त्या दुपारपासून मी आमच्या घरात उघडपणे वाचू लागले. मी मोठ्यानं वाचायचं आणि आत्याबाईंनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत ऐकायचं, असं रोजचं ठरूनच गेलं. फर्मा यायला उशीर झाला की शेजारी जाऊन भांडायच्याही त्याच. काकींनी मला काय दिलं हे मी काकींनाच दोनतीनदा सांगायला गेले. त्या "बास की" म्हणायच्या आणि कागद चिकटवायच्या खळीच्या वाटीत बोट घालायच्या. एवढे उपकार माझ्यावर दुसऱ्या कुणाचे नाहीत.

पुढे पुढे नुसती चिकटवलेली पुस्तकं येऊ लागली. काकी ती उलटसुलट करून बघायच्या. "ह्येला शिवणच न्हाय. वाटायचं कसं?" मग जुन्या पुस्तकांच्या ढिगातून शिवलेलं एखादं हुडकून आणायच्या.

त्या गेल्या तेव्हा एक पुस्तक गल्लीत वाटलेलं होतं. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. महिनाअखेरचा रविवार आला. काकींच्या दाराला कुलूप. लोक सवयीनं फर्मे घेऊन आले, कुलूप बघून थबकले आणि बाजूच्या आमच्या पायरीवर ठेवून गेले. शेवटचा फर्मा भाऊजींकडे होता. तो त्यांनी ठेवला आणि चकार शब्द काढला नाही.

शिवायला कुणालाच येत नव्हतं. मी ते सगळं उचलून आत आणलं. हे आपलं शेवटचं पुस्तक, आता कुठला फर्मा आणि कुठलं वाचन, असं मनात येऊन मला रडू फुटलं. आत्याबाईंनी वाकळेची सुई काढली. "दे हिकडं." मी क्रमानं लावून देते म्हटलं, तर "गप बस" म्हणाल्या. बराच वेळ त्या शिवत होत्या. टाके वाकळेचेच, लांब आणि तिरके. काकींनी बघितले असते तर पोट धरून हसल्या असत्या.

दोरा दातांनी तोडून त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि परात घेऊन आत वळल्या. "वाच. मोठ्यानं वाच, मला आत ऐकू आलं पायजे. भाकरीचं माझ्याकडं लागलं."

मी पुस्तक उघडलं. पहिलाच फर्मा उलटा शिवला गेला होता. पुस्तक फिरवून धरलं आणि वाचायला लागले. सोळा पानं संपली तरी आत भाकरी थापल्याचा आवाज चालूच होता, आणि करपल्याचा वास काही आला नाही.