एका ओळीतले दोन आकडे

लातूरच्या आमच्या गल्लीत मामूंची एका खोलीची लॅब होती. तिथून एकटा आकडा कधी बाहेर पडला नाही. गुडघ्यातलं पाणी तपासायला नेलं की ते त्याच वेळी दंडातलं रक्तही मागत. कुणी कुरकुरलं की म्हणत, "एका पायावर चालून दाखवा, मग एकच आकडा देतो."

भूकंपात माझी बायको दारात पडली. तेव्हापासून तिचा गुडघा सुजे. पुढे दुसरा सुजला, मग बोटं. सहा वर्षं प्रत्येक डॉक्टरने एकच लिहिलं: भूकंपातला मार. तेव्हा लातुरात काहीही दुखलं तरी ते भूकंपाच्या नावावर जाई. सगळे कागद तारखेवार लावणारा मी. पण तिच्या हातांना मार बसलाच नव्हता, एवढं साधं मला सुचलं नाही.

शेवटी एका डॉक्टरने गुडघ्यातलं पाणी काढलं. मामूंनी बायकोचं रक्त घेतलं आणि दोन्ही आकडे एका ओळीत लिहिले: रक्तात प्रोटीन सात, पाण्यात साडेपाच.

"जुन्या मारानं एवढं प्रोटीन पाण्यात उतरत न्हाई. आत सूज पेटलीय, म्हणून रक्तातलं झिरपून राहिलंय. भाभी, सकाळी बोटं आखडतात?"

"हाव मामू. रोज."

"मग भूकंप काय रोज सकाळी येतो?"

बायको हसली. मला हसू आलं नाही.

मामूंचं म्हणणं सांगितलं तेव्हा त्या डॉक्टरने कागद बाजूला सारला. "लॅबवाले कधीपासून निदान करायला लागले?"

मी ते मामूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पेशंटच्या रांगेत अकरावा नंबर लावून बसले. तोच कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "निदान तुमचं, साहेब. आकडे माझे. चुकले असतील तर खोडा."

त्या दिवशी औषध बदललं, संधिवाताचं सुरू झालं.

पुढे लातुरात क्लासेसला येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांची गर्दी वाढली. मामूंच्या खोलीत आठ कॉट मावतात, हे घरमालकाने मोजून ठेवलं होतं. मामूंना त्याने महिन्याचीही मुदत दिली नाही. ते मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन उमरीला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. त्या खोलीत आता डॉक्टर होऊ पाहणारी मुलं झोपतात. माझा राग मुलांवर नाही.

बायको चालते. बोटं वाकडीच राहिली. गेल्या महिन्यात गुडघा पुन्हा भरला, तेव्हा नव्या लॅबमधल्या मुलीने पाण्याचा एकटा आकडा हातात ठेवला.

"रक्ताचा कुठंय?"

"काका, चिठ्ठीवर एवढंच आहे."

बायकोने वाकड्या बोटांनी बाही वर सरकवली. आम्ही उठलो नाही.